घरात कोण कोण?

जून महिन्यात शाळा भरली की अंगणवाडीत आणि पहिली-दुसरीच्या वर्गात एक विषय हमखास निघतो: माझे कुटुंब. भिंतीवर तक्ता लागतो. त्यात बाबा बॅग घेऊन कामाला निघालेले, आई स्वयंपाकघरात, आजोबा चष्मा लावून पेपर वाचताहेत, आजी वाती वळते आहे, ताई आणि दादा अभ्यास करताहेत. मग एकेका पोराला उभे करून विचारले जाते: बाबांचे नाव काय, ते काय करतात, आईचे नाव काय, भावंडं किती. वर्गातली बरीचशी मुले पटापट सांगून मोकळी होतात. दोन-चार जण घुटमळतात. एखादे शेजाऱ्याकडे बघते, एखादे काहीतरी खोटेच सांगून बसते. त्या दोन-चार जणांसाठी, आणि त्यांचे ते घुटमळणे बघणाऱ्या बाकीच्या साऱ्या वर्गासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. मूल शाळेत येते तेव्हा त्याला त्याचे घर पुरते माहीत असते. कोण जेवू घालते, कुणाच्या कुशीत झोपायचे, कुणाला घाबरायचे, खाऊला पैसे कुणाकडे मागायचे, हे तीन वर्षांच्या पोरालाही कळते. त्याला ठाऊक नसते ते एवढेच, की शेजारच्या पोराचे घर आपल्यासारखे नसते आणि तरीही ते पुरे घर असते. शिकवायचे ते हे. आपण मात्र तक्ता टांगतो आणि त्याला माहीत असलेल्या घरातून एकेक माणूस वजा करत जातो.

आपल्या हातकणंगले तालुक्यात तर हा तक्ता टिकूच शकत नाही. पंचगंगा आणि वारणा या दोन नद्यांच्या काठांवर पसरलेला हा मुलूख. एका अंगाला इचलकरंजी, जिथे १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि गावाचे सारे जगणेच मागांच्या ठोक्यावर चालू लागले. हुपरीला चांदीचे काम, तेही बहुतेक घराघरांत. शिरोलीला एमआयडीसी. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची जत्रा, जिथे लांबलांबचे धनगर भंडारा उधळत येतात. कुंभोजला बाहुबलीचा डोंगर. वडगावचा बाजार. आणि या सगळ्यांच्या मध्ये ऊस. एवढ्या प्रकारची कामे जिथे आहेत तिथे घरांची घडण एकसारखी कशी असेल?

इचलकरंजीतल्या एखाद्या गल्लीतले पोर घ्या. बाप रातपाळीला. पोर शाळेला निघते तेव्हा तो येऊन आडवा झालेला असतो, पोर झोपते तेव्हा तो मागावर उभा असतो. आई कांडी भरायला जाते. पोराला आंघोळ घालून भांग पाडून पाठवते ती आजी, कधी तर घरमालकीण. ‘बाबा संध्याकाळी घरी आल्यावर काय करतात?’ हा पाठ्यपुस्तकातला प्रश्न या पोराला कळतच नाही. त्याच गल्लीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेले कामगार एकेका खोलीत सहा-सहा जण राहतात. त्यांची बायकापोरे गावाकडे. ती मुले तिकडच्या शाळेत ‘पिताजी’ म्हणून ज्या माणसाचे नाव सांगत असतील तो इथे असतो. हुपरीकडे उलटी तऱ्हा. तिथे बाप, चुलता, आत्या, आज्जा सगळे दिवसभर घरातच पैंजणाच्या कामाला बसलेले. घर आणि कारखाना एकच. तिथल्या पोराला ‘बाबा कामाला कुठे जातात?’ असे विचारले तर ते म्हणणार, “कुठंच जात नाहीत, बाई.” आणि वर्ग हसणार.

एकत्र कुटुंबातली पोरे आणखी वेगळी कोडी घालतात. चुलते, त्यांची मुले, सगळे एका घरात असले की पोर जे कानावर पडते ते उचलते. दीर-नणंदा जिला वहिनी म्हणतात तिला तिचे पोरही ‘वहिनी’च म्हणते. बापाला आण्णा किंवा दादा. थोरल्या चुलतीला ‘मोठी आई’. अशा एका पोराला मी विचारले होते, “आईचं नाव काय?” त्याने सांगितले, “वहिनी.” मग विचारले, “आणि मोठी आई म्हणजे?” तर म्हणाला, “ती आईच हाय, ती जेवाय घालतीया.” मी पुढे काही विचारले नाही. त्याच्या लेखी हिशेब पक्का होता. घराचा पसारा किती, हे विचारल्यावर माणसांच्या जोडीला दोन म्हशी आणि एक पाडी त्याने मोजली होती, तीही नावानिशी.

सरकारी कागदसुद्धा आपल्या तक्त्यापेक्षा जास्त समजूतदार आहेत. जनगणनेला येणारा प्रगणक रक्ताचे नाते विचारून घर ठरवत नाही. जे एकत्र राहतात आणि एकाच स्वयंपाकातले जेवतात ते एक कुटुंब, ही त्याची व्याख्या. आपल्याकडे भाऊ भाऊ एकाच वाड्यात राहूनही चूल वेगळी मांडतात तेव्हा तो दोन घरे लिहून घेतो. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तर रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत थोरल्या बाईचे नाव घालायला सांगितले. म्हणजे कितीतरी घरांत कागदावर आजी प्रमुख आहे आणि शाळेतल्या तक्त्यावर अजून बाबाच. दुसरी-तिसरीच्या मुलांना घरचे रेशनकार्ड बघून यायला सांगा. त्यावर पहिले नाव कुणाचे आहे, एवढेच बघायला सांगा. दुसऱ्या दिवशी वर्गात जी बोलणी होतील ती कोणत्याही तक्त्याने होणार नाहीत.

वंशवृक्षाचेही तसेच. इंग्रजी पुस्तकांवरून उचललेले ते झाड हल्ली सगळीकडे काढायला सांगतात: खोड म्हणजे मूल, एका फांदीला बाबांकडचे, दुसऱ्या फांदीला आईकडचे. पण आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीती एकत्र येण्याचा पट्टा म्हणून दाखवला आहे. मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही, हे इथले वैशिष्ट्य त्यांनी नोंदवले. अशा लग्नातल्या पोराने झाड काढायला घेतले की फांद्या वरती जाऊन एकमेकींत शिरतात. बाबांची आई ही आईच्या वडिलांची सख्खी बहीण. आईची सासू हीच आईची आत्या, आणि आई अजून तिला आत्याच म्हणते. शाळेत मात्र तेच नाव दोनदा लिहिले म्हणून शेरा मिळतो. पोराचे झाड बरोबर असते. आपला साचा दुसऱ्या मुलखातला असतो. जवळच्या नात्यात लग्न करण्याचे आरोग्याच्या अंगाने काय परिणाम होतात ते मोठ्या वर्गात जरूर सांगावे. सहा वर्षांच्या पोराच्या आईबापाचा पंचनामा मात्र वर्गात होता कामा नये.

ऊसतोडणीच्या मुलांबद्दल जरा सविस्तर लिहिले पाहिजे. दसरा झाला की बीडकडून, सोलापूर, जतकडून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. दोन माणसांची गणती एका हत्याराच्या नावाने होते, ही गोष्ट मला नेहमी टोचते. कारखान्याच्या आसपास, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात. तान्हे मूल फडाच्या कडेला साडीच्या झोळीत. त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. भावंडांतली एक-दोन गावाकडे आजी-आजोबांजवळ ठेवलेली असतात, कुणी हंगामी वसतिगृहात असते. म्हणजे एकच घर वर्षातले पाच-सहा महिने दोन-तीन जिल्ह्यांत विखुरलेले, आणि उन्हाळ्यात पुन्हा एका छपराखाली. ‘तुझ्या घरी कोण कोण?’ असे विचारले तर ही पोर विचार करून म्हणते, “आत्ता का गावाकडं?” किती नेमका प्रश्न आहे हा! आपल्या तक्त्यात काळच नाही. घर आज असे असते, चार महिन्यांनी तसे असते, हे या पोरांना आपल्याआधी कळलेले आहे. शिक्षणहक्क कायद्याने दाखला नसला तरी मुलाला वयानुसार वर्गात घ्यायला सांगितले आहे. त्यांना नुसते पटावर घेऊन भागत नाही, त्यांचे घरही वर्गाच्या बोलण्यात आले पाहिजे.

आता दत्तकाचा विषय. तो आला की शिक्षक आवाज खाली करतात. कोल्हापूर जिल्ह्यात तरी त्याची काही गरज नाही. २६ जूनला आपण प्रत्येक शाळेत ज्यांची जयंती करतो, ते राजर्षी शाहू महाराज दत्तक होते. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. आई राधाबाई ते तीन वर्षांचे व्हायच्या आत गेल्या. १७ मार्च १८८४ रोजी, दहाव्या वर्षी, राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतले आणि दोनच वर्षांनी जन्मदाते वडीलही वारले. मुलांना हे सांगावे, साध्या शब्दांत: महाराजांची एक आई कागलची, एक आई कोल्हापूरची. जून महिन्यात शाळा नुकतीच भरलेली असते, कुटुंबाचा धडा चालू असतो, जयंतीची मिरवणूक दारात येते. यापेक्षा चांगला योग कुठला? ज्या मुलाला घरी कळलेले आहे की आपल्याला दत्तक घेतले आहे, त्याची मान त्या दिवशी ताठ होते. ज्याला अजून कळलेले नाही त्याला ते वर्गात कळता कामा नये. ते सांगण्याचा हक्क त्याच्या आईबापांचा आहे.

दुसरे उदाहरण आपल्या तालुक्यातलेच. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ साली कुंभोजला जन्मले. त्यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे बोर्डिंग काढले त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. गांधीजींनी १९२७ मध्ये त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नाव दिले. मुले भाऊरावांना अण्णा म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ज्या मुलांच्या घरी त्या काळी एकमेकांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांचे हे घर. बोर्डिंगात, आश्रमशाळेत, बालगृहात राहणाऱ्या मुलाला ‘तुझं घर कुठं?’ विचारले की ते गप्प होते. त्याला ही गोष्ट सांगा. मग तो आपल्या खोलीतल्या पोरांची नावे सांगू लागतो, भाकरी करणाऱ्या मावशींचे नाव सांगतो.

सर्वांत जड भाग वडिलांच्या नावाच्या रकान्याचा. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला आणि सीमाभागात यल्लम्माला सोडलेल्या बायकांच्या मुलांनी हा रकाना पिढ्यान्‌पिढ्या सोसला. शाहू महाराजांनी १९२० साली जोगत्या-मुरळीची चाल बंद करणारा कायदा केला, मुंबई प्रांतात १९३४ साली झाला, महाराष्ट्राने पुन्हा २००५ साली केला. कायदे झाले तरी हजेरीपटावरचा रकाना होता तिथेच राहिला. ‘बापाचं नाव सांग’ हे तीन शब्द ऐकून शाळा सोडलेली पोरे आपल्या आसपास म्हातारी झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले की अविवाहित आईला मुलाची पालक होण्यासाठी बापाचे नाव उघड करायची सक्ती नाही. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की शासकीय कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव लिहायचे, मग वडिलांचे, मग आडनाव. १ मे २०२४ पासून ते लागू झाले. वर्गातही हा क्रम पाळा. आधी आईचे नाव विचारा. वडिलांचे मूल आपण होऊन सांगेल तेव्हा सांगेल.

विधवा आईच्या मुलांचेही असेच. शेजारच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने तो साऱ्या ग्रामपंचायतींपुढे ठेवला. हे प्रौढांचे काम झाले. पण शाळेच्या हळदीकुंकवाला आई आलेली चालेल का, असा प्रश्न तिच्या पोराच्या मनात असतोच. त्याला उत्तर आपल्या निमंत्रणातून मिळते. सगळ्या आयांना बोलवा, सगळ्यांना कुंकू लावा.

मरण, सोडून जाणे, दुसरे लग्न हे लहान मुलांना कसे सांगावे, याची या पुस्तकात वाक्येच दिली आहेत, कारण ऐनवेळी शिक्षकांना शब्द सापडत नाहीत. ‘बाबा मोठ्या गावाला गेलेत’ हे सांगू नये. असे सांगितलेली एक पोर एसटीचा आवाज आला की अंगणवाडीच्या दाराशी जाऊन उभी राहायची. चार वर्षांच्या मुलाला गाव म्हणजे जाऊन परत यायची जागा. ‘बाबा वारले, आता ते परत येणार नाहीत, आई आणि आजी तुझ्याजवळ आहेत’ हे वाक्य कठोर वाटते, पण मूल त्यावर उभे राहू शकते. त्याच्या घरच्यांना तुम्ही सांगू शकता असे आणखी एक आहे. आईबापांपैकी एक जण नसलेल्या मुलासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिना २,२५० रुपये, आणि पुष्कळ घरांना तिची माहितीच नसते.

सावत्र आईच्या बाबतीत आपल्या गोष्टींनी फार नुकसान केले आहे. ध्रुवाची गोष्ट आपण किती सहज सांगतो! वर्गात सावत्र आईच्या हातचा डबा खाणारे मूल बसले आहे हे मनात धरून ती सांगितली पाहिजे, किंवा तेवढ्यापुरती बाजूला ठेवली पाहिजे. १६ ऑगस्ट २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चंदीगडच्या एका परिचारिकेला बाळंतपणाची रजा देवविली. नवऱ्याच्या आधीच्या लग्नातल्या मुलांसाठी तिने बालसंगोपन रजा घेतली होती, म्हणून स्वतःच्या पहिल्या बाळाच्या वेळी तिला रजा नाकारली होती. आईबाप आणि त्यांची मुले एवढाच कुटुंबाचा साचा धरू नये, एकट्या पालकाचे, पुनर्विवाहाचे, दत्तकाचे, लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांचे, समलिंगी जोडप्यांचे घर हेही घर आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. आपल्या वर्गात यांतले सगळे प्रकार आज दिसणार नाहीत. पण एखाद्या मुलाने टीव्हीवर, मोबाइलवर बघून विचारलेच, तर ‘हो, असंही घर असतं’ एवढे शांतपणे म्हणता आले तर पुरे.

पालक विचारतील, असल्या गोष्टी शाळेत कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शिक्षकाच्या वागण्यातून द्यायचे आहे. हा पाठ म्हणजे घराघरांची चौकशी नव्हे. कुणाचा बाप पितो, कुणाची आई माहेरी जाऊन बसली, हे मूल बोलून गेले तर ते वर्गात उचलून धरू नये, शिक्षकखोलीत तर मुळीच नाही. मार बसत असल्याचे दिसले तर ती वेगळी बाब आहे. तिथे गप्प बसायचे नाही, १०९८ या चाइल्ड हेल्पलाइन क्रमांकावर कळवायचे. आणि ‘बिचारा’ हा शब्द वर्गातून हद्दपार करायचा. ताराबाई मोडक पतीपासून वेगळ्या झाल्या आणि मुलीला घेऊन शिक्षणाच्या कामात उतरल्या. त्यांनीच पुढे बोर्डीला आदिवासींच्या अंगणात बालवाडी नेली. महाराष्ट्रात लहान मुलांना शिकवायला ज्यांनी शिकवले त्यांचे घरही तक्त्यातले नव्हते.

पुस्तक कसे वापरावे ते थोडक्यात. यातल्या गोष्टी छोट्या आहेत, नावे मुद्दाम साधी घेतली आहेत. अंगणवाडीसाठी चित्रे पुरेशी आहेत, वाचून दाखवण्याचा आग्रह नको. पहिली-दुसरीला एका तासाला एकच गोष्ट. गोष्टीनंतर मुलांनी आपल्या घरातली माणसे काढायची, त्यांना वाटेल त्या क्रमाने, आणि म्हैस काढली तर तीही राहू द्यायची. कुटुंबाचा फोटो आणायला सांगू नये, सगळ्यांकडे तो नसतो. मागांच्या गल्लीची आणि दत्तकाची गोष्ट जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात घ्यावी. कोयत्याची गोष्ट मात्र दिवाळीच्या सुट्टीनंतर, टोळ्या येऊन कोप्या उभ्या राहिल्यावर आणि ती मुले वर्गात बसायला लागल्यावर, म्हणजे ती वाचून दाखवताना चुकले कुठे हे सांगणारे कुणीतरी समोर असेल.